भांडं धरायचं नसतं

लेक डॉक्टरकीच्या क्लाससाठी नगरला गेली आणि श्रीगोंद्याच्या घरात मी एकटी उरले. इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी परिचर आहे. साडेपाचला घरी यायचं, चहा टाकायचा नि मोबाईल समोर ठेवून बसायचं. सहाला होस्टेलवरून तिचा फोन यायचा, गणित विचारायला. जेवलीस का म्हटलं की तिला घाई असायची. गणित निघालं की पंधरा मिनिटं सहज बोलायची. दिवसभरातलं माझं बोलणं म्हणजे तेवढंच.

एकदा तिनं विचारलं, चाळीस अंशाच्या दोनशे ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा पन्नास ग्रॅम बर्फ टाकला तर शेवटी तापमान किती? तिचं उत्तर सोळा येत होतं.

"आणि भांडं? पाणी काय हवेत ठेवलंय का?" मी म्हटलं.

वीस वर्षं पोरांना बर्फ टिपकागदानं टिपून आणि भांडं तोलून दिलंय मी. पाण्याबरोबर भांडंही गरम असतं, तेही बर्फाला उष्णता देतं. आमच्या तांब्याच्या भांड्याचं वजन मला तोंडपाठ. ते धरून मी जवळजवळ सतरा काढून दिलं. लई खूश होते त्या दिवशी.

आठवड्याच्या चाचणीत तेच गणित आलं. पर्यायांत सतराही होतं, तिनं तेच निवडलं. तिचे मार्क गेले, वर चुकीच्या उत्तराचा एक कापला.

"आई, दिलेलं नसेल तर भांडं धरायचं नसतं," ती म्हणाली.

चुकलं म्हणायला काय जात होतं माझं? पण डोकं फिरलं. "मग मला कशाला विचारतेस? सरांना विचार जा."

तिनं ऐकलं. सहा वाजायचे, सात वाजायचे. फोन वाजलाच तर सिलिंडरवाल्याचा. माझ्या तोंडाचा मलाच राग यायचा. घर खायला उठायचं.

एका रविवारी तिचं जुनं पुस्तक काढलं आणि बर्फाची दहा गणितं सोडवली. हात शिवशिवत होता, तरी भांडं कुठंच धरलं नाही. वहीचे फोटो तिला पाठवले. खाली लिहिलं, तपास, काही चुकलं असेल तर फोन करून सांग.

तासाभरानं मेसेज आला. "सगळी बरोबर आहेत आई. भारी."

मी वही घेतली आणि पहिल्या गणितापासून चूक शोधत बसले. एकही सापडली नाही.