थेंब झेलणारा माणूस
काही थोर कलाकृतींची जगाने कदर केली नाही. त्यातली एक परवा माझ्या टेबलाच्या खणात सापडली: तळहाताएवढा व्हिडिओ गेम, त्यात गळक्या छपराखाली बादली घेऊन धावणारा चिमुकला माणूस. मेव्हण्याने तो मस्कतहून आणला, तेव्हा अणदूरकडच्या आमच्या गावात दुष्काळ होता. कोरड्या विहिरीपाशी घागरींची रांग होती आणि मी, गावचा मास्तर, रांगेत बसून खेळत होतो. टिक् टिक् करत थेंब पडायचे. पांढऱ्या उन्हात बायका पदराची सावली धरून त्या पडद्यावर वाकल्या होत्या. "मास्तर, डावीकडं! सांडलं की वो!" तेवढ्यात टँकर आला. सोसायटीच्या चेअरमननी नारळ फोडला, पाइप स्वहस्ते विहिरीत धरला, पण नजर आमच्याकडेच. "आणा इकडं. पाण्याचं काम तुमाला न्हाय जमायचं." पाइप सोडून त्यांनी गेम घेतला. मग बराच वेळ साऱ्या गावाला फक्त ती टिक् टिक् ऐकू येत होती. त्यांनी एकही थेंब सांडू दिला नाही. पाइप विहिरीबाहेर पडलाय, हे आमचे पाय भिजले तेव्हा कळलं. तोवर टँकर रिकामा झाला होता. काल गेममध्ये नवा सेल घातला. चेअरमनचा विक्रम मला अजून मोडता येत नाही.