फटफटीची बिनकामाची दांडी

आमच्या ह्यांचा उजवा पाय अंबरनाथच्या कारखान्यात गेला. तुटला नाही, पण लोखंडी रूळ गडगडत आला नि नडगीचं हाड मोडलं. हाड जुळलं, जोर काही परत आला नाही. कारखान्यानं घरी बसवलं. सोनिवलीत आमचं घर, घरात सासू नि आम्ही दोघं, गोठ्यात दोन म्हशी. त्या म्हशींवरच सगळं आलं.

दूध आम्ही बदलापूर स्टेशनावरच्या भय्याला घालायचो. तो रोज काही ना काही खोड काढायचा. आज पातळ आहे, आज वास येतोय. ऐकून घ्यायचं नि तो देईल ते घेऊन घरी यायचं. तिकडे कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी लोक येऊन राहिलेले. आम्ही त्याला क्याम्पच म्हणायचो, उल्हासनगर हे नाव तोंडात फार मागाहून बसलं. तिथं दुधाला गिऱ्हाईक दारात उभं. पण तिथवर दूध न्यायचं कसं? ह्यांच्यानं लांब चालवत नव्हतं, सायकल मारवत नव्हती.

मग ह्यांनी फटफटी आणली. क्याम्पात तेव्हा मिलिट्रीचा जुना माल विकायला असायचा, त्यातली. माझ्या पाटल्या त्यात गेल्या. गाडी हिरव्या रंगाची, रेड्यासारखी जड. बसलं की ह्यांना चालवता यायची, गियरही पायाच्या बोटांनी पडायचा. पण सुरू करायला जी किक मारावी लागायची ती ह्यांच्या पायाला झेपत नव्हती. अर्ध्यावर पाय अडकायचा. एकदा तर ती किक उलटी आली नि ह्यांची मोडकी नडगी टम्म सुजली.

म्हणून रोज सकाळी शेजारचे दोघं भाऊ गाडी ढकलायला यायचे. धाकटा मोठा वात्रट. "वहिनी, नवरी रुसली गं! चला, ढकलून सासरी घालवू," म्हणायचा. आम्ही हसायचो. पण क्याम्पात कोण ढकलणार? हे गाडी चालूच ठेवून घराघरात दूध घालायचे. मध्येच बंद पडली की रस्त्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याची वाट बघायची. एकदा अंबरनाथच्या फाटकापाशी अशी बंद पडली ती ऊन चढेपर्यंत. दोन्ही क्यान नासले. मी ते दूध म्हशींच्या आंबोणात ओतलं.  

त्या गाडीच्या इंजिनाला बाजूला बोटभर लोखंडी दांडी होती. टोकाला एक बारीक भोक. ती कशाला जोडलेली नव्हती. हे क्याम्पातल्या मिस्त्रीला विचारून आले. म्हातारा सिंधी, त्याच्या गावी शिलाईची मशिनं दुरुस्त करायचा, इथं येऊन फटफट्या शिकला. तो म्हणाला, "साईं, मिलिट्रीवालों का कुछ होगा. अपने काम का नहीं. रहने दो." म्हणून राहू दिली.

सासूला मात्र ती दांडी आवडली. दर शनिवारी काळ्या दोऱ्यात बिब्बा नि मिरच्या ओवून गाडीला बांधायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. ते बांधायला तिला तीच जागा सापडली.

"बघ, भोक पाडूनच दिलंय," मला म्हणाली. "गोऱ्यांना पण दृष्टीचं भ्या असतंय म्हणायचं."

फाटकापाशी दूध नासल्यावर मात्र तीच म्हणाली, "बाबा, इकून टाक ही. पाय हाय तेवढा तरी राहू दे." बदलापूरच्या बाजूला दगडाच्या खाणीचा एक मालक होता. त्याला गाडीचं इंजिन काढून पाण्याच्या पंपाला लावायचं होतं. सोमवारी येतो म्हणाला. ह्यांनी हो म्हटलं. गाडी गेली की पुन्हा स्टेशनावरचा भय्या. नि हे दिवसभर ओट्यावर. मला भय्याचं फार वाटत नव्हतं, ह्यांच्या त्या ओट्यावर बसण्याचं वाटत होतं. पाय मोडल्यावर सहा-आठ महिने ते तसे बसलेले मी बघितलेले.

मध्ये शनिवार आला. सासू म्हणाली, "जाणार असली तरी आज आपल्या दारात हाय. बांध." मी बिब्बा घेऊन खाली बसले. हे गाडीवर बसलेले, किक दाबून बघत होते. मनातून जात नव्हती ती त्यांच्या. मागच्या शनिवारचा दोरा इंजिनाच्या तापानं नि तेलानं दांडीला चिकटून बसलेला. तुटेना. मी दोन्ही हातांनी धरून जोरात ओढला.

तशी ह्यांच्या पायाखालची किक चिखलात पाय जावा तशी खाली गेली. मागच्या नळीतून फस्स आवाज आला. हे गाडीसकट कलंडलेच, मी खांदा लावला म्हणून वाचले.

"काय तोडलंस?" हे ओरडले.

"दोरा ओढला नुसता."

"झालं!" सासू दारातून म्हणाली. "आता परवा तो खाणवाला बघायला आला की काय दाखवणार?"

मी दोरा सोडला. ह्यांनी किक दाबली, पुन्हा दगडासारखी घट्ट. मी ओढला. मऊ. सोडला. घट्ट. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. म्हैस दूध चोरते, मग आंबोण पुढं ठेवलं की पान्हा सोडते, तसंच वाटलं मला. ती दांडी ओढली की इंजिन दम सोडत होतं.

पण नुसती मऊ किक मारून गाडी सुरू होईना. दुपार त्यातच गेली. हे किक मारायचे, मी दोरा ओढायची, सासू मध्ये मध्ये "जेवा रे आता" म्हणायची. शेवटी ह्यांना उमगलं. दोरा ओढून किक जिथं अडायची त्या जागेच्या जरा पुढं न्यायची. मग दोरा सोडायचा नि अंगाचा भार टाकून पाय दाबायचा. तसं केलं. गाडी फटफटायला लागली नि गोठ्यातल्या म्हशी बिचकून उठल्या. हे हसत होते की काय ते मला दिसलं नाही, मी धुरात होते.

रविवारी दूध घालून हे तसेच मिस्त्रीकडे गेले. घरी येऊन सांगत होते, त्यानं कपाळावर हात मारला. म्हणाला, "अरे बाबा! ये तो हैंडल से खींचने का है!" ती दांडी ओढायला हँडलवर जी मूठ बसते, तसली एक त्याच्याकडे पडलेली होती, कुठल्या तरी मोडीतली. कशाची ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं ती आपल्या दुकानाच्या दाराला कडी म्हणून ठोकलेली. तीच उपटून काढली, सायकलच्या ब्रेकची तार लावली नि दांडीच्या त्या भोकात अडकवून दिली. दाराला मग त्यानं सुतळी बांधली.

सोमवारी खाणवाला आला तेव्हा हे क्याम्पात गेलेले. सासूनं त्याला ताक दिलं. तो ओट्यावर बसला, पाय हलवत. थोड्या वेळानं लांबून आवाज यायला लागला नि गाडी वळून दारात आली. हे एकटेच. रिकामे क्यान खडखडत होते.

"आजी," खाणवाल्यानं विचारलं, "हिला ढकलायला दोन माणसं लागतात ना?"

सासूनं ताकाचं भांडं उचललं. "लागायची. आता न्हाय लागत. नि इकायची पन न्हाय."

ह्यांनी गाडी बंद केली, त्याला दाखवायला पुन्हा सुरू केली. तो निघून गेला. मी क्यान घेऊन विहिरीवर गेले. पुढच्या शनिवारी दांडीच्या भोकात तार होती, म्हणून बिब्बा मी हँडलला बांधला.