दाराशी लावलेलं बदक

आमच्या खाडीवर शिकारीला लाकडी बदकं लागत. ती पाण्यावर तरंगताना दिसली की वरून जाणारे थवे आपलीच जात समजून खाली उतरत. हार्लन डाइझ ती कोरायचा आणि त्याची बायको अल्मीडा रंगवायची. गाव मात्र ‘हार्लनची बदकं’च म्हणे. अल्मीडाबाईही तसंच म्हणत.

खाऱ्या पाण्यात रंग उडे, म्हणून दर ऑगस्टला तो नव्यानं द्यावा लागे. दिवसभर खेकडे सोलून आल्या की बाई ओसरीवर बसत आणि ओल्या रंगातून जुना कंगवा ओढून पिसांच्या रेघा काढत. मी शेजारीण, समोरून पाहत असे. हार्लन तोवर आत घोरत असे.

हार्लन गेल्यावर फिलाडेल्फियाहून व्हिटलॉकसाहेब येऊ लागले. जुनी बदकं जमवायचा त्यांना नाद होता. दार आपटू नये म्हणून अडण लावलेलं एक सोडून बाईंनी सगळी त्यांना दिली. मागणं एकच होतं, कुठे मांडाल तेव्हा रंग माझा म्हणून लिहा. ते म्हणाले, लिहू की.

पुढच्या उन्हाळ्यात गावातच प्रदर्शन भरलं. बाई चर्चला जायचा निळा झगा घालून माझ्याबरोबर आल्या. पाटीवर एकट्या हार्लनचं नाव होतं आणि बदकं खरवडल्यासारखी दिसत होती.

“राग मानू नका, बाई,” व्हिटलॉक हसत म्हणाले. “तुमचे दरसालचे थर हिवाळाभर बसून काढले. आता खाली हार्लनचा मूळ हात दिसतोय. तुमचं काही उरलंच नाही, तर लिहू काय?”

बाई चष्मा लावून वाकल्या. “हाही माझाच. लग्नाच्या पहिल्या वर्षीचा. कंगव्याचा एक दात मोडका होता, बघा, इथे रेघ नाही.”

त्यांनी बाईंच्या दंडावर थोपटलं. “फार जीव होता तुमचा नवऱ्यावर.” मग दाराशी असलेल्या बदकाची चौकशी केली. ते कधी पाण्यात गेलंच नव्हतं, म्हणून त्यावर दुसरा हात फिरला नव्हता. त्यांचे डोळे चमकले. उद्या येतो म्हणाले.

परतताना मी म्हटलं, त्यावरही तीच मोडक्या दाताची खूण असेल ना? तुमचा कंगवा शेजारी ठेवून दाखवा त्यांना.

“माझ्याच हाताची साक्ष मी त्यांच्यापुढे काढू?” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी व्हिटलॉक आले तेव्हा मी ओसरीवरच होते. पायऱ्यांना लावायच्या करड्या रंगाचा डबा उघडा होता आणि बदक चोचीपासून शेपटीपर्यंत जाड, चकचकीत करडं झालं होतं.

“हे काय करून बसलात, बाई?”

“ऑगस्ट आहे,” त्या कुंचला पुसत म्हणाल्या. “आमच्यात या दिवसांत रंगवतात.”

ते चहा न घेताच गेले. बदक अजून दाराशीच आहे. बाई येता-जाता ते पायानं सरकवतात, वाकून कधी बघत नाहीत.