मंगळवारचा फोन आणि रिकामा हंडा

मंदाच्या उपचारांत माझा वाटा एवढाच होता: माझी खोली द्यायची, व्हिडिओ कॉल लावून द्यायचा आणि दार ओढून बाहेर बसायचे. चौतीस वर्षे शिक्षिका होते. नेमून दिलेले काम चोख करणे मला जमते. पण पायरीपाशी चपला साठाव्यात तसे दाराबाहेर बसणाऱ्याकडे किस्से साठतात. मंदाच्या परवानगीने त्यांतले काही सांगते. नावे अर्थातच बदलली आहेत.

सूर्यमाळच्या पाड्यावर मंदाला मुलगी झाली. तीन महिने ती तिला पाजत होती, पण तिच्याकडे पाहत नव्हती. हे प्रथम हेरले पाड्यावरच्या आशा कार्यकर्ती यमुनाने. बाळंतपणानंतरचे नैराश्य आहे, असे नाशिकच्या समुपदेशक मृणाल मॅडमनी सांगितले. त्या महिन्यातून एकदा खोडाळ्याच्या दवाखान्यात येत; एरवी दर मंगळवारी दहा वाजता फोनवर भेटत. धड रेंज मिळे ती माझ्याच घरात.

*

पहिल्या मंगळवारी अर्धा पाडा माझ्या खोलीत! मॅडम म्हणाल्या, "मला मंदाशी एकटीशी बोलायचे आहे."

कोपऱ्यातले एक आजोबा समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बोला की! आम्ही कुठं बोलतोय? आम्ही नुसतं ऐकतोय!"

*

दुसऱ्या मंगळवारी मी सगळ्यांना बाहेर काढले, पण सासू काशीबाई हलेनात.

"मंदा, झोप लागते का?"

"लागते ना," काशीबाई म्हणाल्या.

"जेवण जाते?"

"दोन भाकरी."

मॅडमनी शांतपणे विचारले, "हे मंदाचे सांगताय ना?"

"नाय, माझं! ती बोलत नाय, मग कुणीतरी बोलाया नको?"

*

पुढे काशीबाईही अंगणात बसू लागल्या. पण मंदा गप्प राहिली की मला राहवत नसे. दाराच्या फटीतून मी हळूच म्हणे, "सांग, सांग! कालचे सांग!"

मॅडमच्या कानावर ते गेलेच. "बाई, तुम्हीही जरा अंगणात बसता का?"

जन्मभर मी मुलांना वर्गाबाहेर काढले. मला बाहेर काढणारी ही पहिलीच!

*

मॅडम खोडाळ्याला आल्या, तेव्हा काशीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखले आणि यमुनाला कोपराने ढोसले. "अगं, हिला पाय हायेत! मोबाईलात तर कमरेपत्तूरच होती!"

मंदाला हसू आले नाही. मात्र मॅडमनी पाठीवर हात ठेवला आणि ती तासभर रडली. पुढच्या मंगळवारी फोनवर पाठीवर हात नव्हता, तरी ती बोलली. समोरची भेट कशासाठी आणि फोन कशासाठी, ते मला त्या आठवड्यात कळले.

*

मग पाड्यावर कुजबुज सुरू झाली: "काशीची सून मोबाईलाशी बडबडते, डोकं फिरलंय." काशीबाईंनी ठणकावले, "बस झालं! आता जायचं नाय."

आणि मी, जिने खोटे बोलणाऱ्या मुलाला कधी क्षमा केली नाही, यमुनाबरोबर एक कट रचला. विहिरीची वाट माझ्या दारावरून जाते. उन्हाळ्यात एका हंड्याला तासभर लागतो. तेवढ्या वेळाचा हिशेब कोणी मागत नाही. मंगळवारी मंदा हंडा घेऊन निघाली, माझ्याकडे येऊन तासभर बोलली आणि उठून तडक घरी गेली. रिकामा हंडा घेऊन!

माझ्या लक्षात आले तेव्हा ती वळण ओलांडून गेली होती.

पुढच्या मंगळवारी पावणेदहालाच काशीबाई दारात उभ्या. कडेवर नात, मागे हंडा घेतलेली मंदा आणि यमुना. मी क्षमा मागण्यासाठी वाक्य जुळवू लागले.

"बाई, त्या दिशी रिकामा हंडा घेऊन आली, तवाच समजले कुठं गेलती. मी बोलले, पाणी कुठाय? तिनं हंड्यात बघितलं आणि हसली. बाळंतपणापासून पहिल्यांदा."

एवढे बोलून त्यांनी नात मंदाच्या हातांत दिली आणि तिचा हंडा स्वतःच्या कमरेवर घेतला. "बोलू द्या तिला. पाणी मी आणते."

तेव्हाच, उभ्याउभ्या, ठरले: महिन्यातून एकदा खोडाळ्याला समोरासमोर, बाकीचे मंगळवार माझ्या घरी फोनवर, आणि मंगळवारचे पाणी काशीबाईंचे. यमुनाने मान डोलावली. मी होकार दिला आणि फोन लावला. फोनवरून मॅडम म्हणाल्या, "मला मान्य आहे. मंदा, तुला?"

काशीबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडले आणि मिटले.

मंदाने मुलीकडे पाहिले, मग सासूकडे. म्हणाली, "चालेल. पण आत्या, एका हंड्यात माझं बोलून व्हायचं नाय. दोन आणा!"