सासूबाईंनी सोडलेली मिश्री

सासूबाई मला कडकडून चावल्या, त्या दिवशी सकाळीच मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वन-नॉर्थला जाऊन नर्सेसच्या एका गटाला शिकवून आले होते, की विसराळूपणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसाचे दात चावून न घेता कसे घासायचे. स्लाइड्स, प्लास्टिकचा जबडा, सगळा सरंजाम. टाळ्याही पडल्या. दुपारी सेम्बावांगच्या घरी येऊन मऊ ब्रश हातात घेतला, "आई, आ करा बघू," म्हटलं, आणि त्यांनी माझं बोटच धरलं दातांत. सोडेनात. शेवटी त्याच कंटाळल्या आणि सोडलं. रक्त आलं होतं. तक्रार तरी कुणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. नुकत्याच त्या न्यूमोनियातून उठल्या होत्या. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तोंडातली घाण श्वासाबरोबर छातीत उतरतेय, तोंड स्वच्छ राहिलं नाही तर हे पुन्हा होईल, आणि पुन्हा झालं तर या वयात झेपणार नाही. त्यात खाणंही जवळजवळ बंद. दोन चमचे पेज पोटात गेली की ओठ घट्ट. गुंगी देऊन तोंड तपासावं, तर छाती अजून कच्ची म्हणून भूलतज्ज्ञ तयार नव्हते. पुढच्या तपासणीपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालू, म्हणाले.

नळीची भीती मला नाही, मोज्यांची आहे. म्हातारी माणसं नळी ओढून काढतात, म्हणून त्यांच्या हातांना जाड मोजे चढवतात आणि हात पलंगाला बांधून ठेवतात. वॉर्डांमधून हिंडताना मी ते बांधलेले हात शेकड्यांनी पाहिलेत. सासूबाईंचे हात कधी रिकामे नसायचे. आताही, कोण कुठली हे आठवत नसताना, समोर ओढणी दिसली की घडी घालतात, शेंगा दिसल्या की सोलायला घेतात. ते हात बांधलेले मला बघायचे नव्हते. बास, मला एवढंच हवं होतं, की या बाईने तोंड उघडावं.

आणि मी कोण, तर सार्वजनिक दंतआरोग्याची प्रोफेसर! हा विषय घेतला तेव्हा कॉलेजातली पोरं म्हणायची, ही दात काढणारी डॉक्टर नव्हे, दातांवर भाषणं ठोकणारी डॉक्टर. ठोकली मी भाषणं. एकेका माणसाचा दात दुरुस्त करत बसण्यापेक्षा अख्ख्या गावाचे दात किडूच नयेत म्हणून काय करायचं, हा माझा धंदा. साताऱ्याकडच्या शाळांतून, कारखान्यांवरच्या वस्त्यांतून टॉर्च घेऊन हजारो तोंडं बघितली. मग नवऱ्याची जहाजांच्या दुरुस्तीची नोकरी इथे परदेशात आली, तशी मीही इथल्या विद्यापीठात चिकटले. क्लेमेंटीला भाड्याच्या एका खोलीत सुरुवात केली, आणि होता होता प्रोफेसर झाले. घरी म्हातारी माणसं सांभाळणाऱ्यांसाठी मी लिहिलेली पुस्तिका इथे बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिचं पहिलं वाक्य आहे, 'जबरदस्ती करू नका.' लिहायला काय जातंय माझं!

पण माझ्या भाषणांतला खरा हुकमी पत्ता सासूबाईच होत्या. लग्न होऊन मी त्यांच्या गावी गेले, तेव्हा दुपारची जेवणं झाली की आळीतल्या बायका ओट्यावर जमायच्या आणि मिश्री लावायच्या. इथल्या मुलांना मिश्री म्हणजे काय ते सांगावं लागतं. तंबाखू तव्यावर काळा होईस्तो भाजायचा, कुटायचा, आणि ती पूड बोटाने हिरड्यांवर घासत बसायचं. दात स्वच्छ होतात म्हणून सुरू करायचं आणि मग सुटत नाही. माझ्या सासूबाई तर त्या ओट्याच्या पुढारी. नव्या सुनेने लाजून आत बसावं की नाही? मी गेले, त्यांची पत्र्याची डबी उचलली, आणि सगळ्यांच्या देखत मोरीत रिकामी केली. तंबाखूने तोंडात काय होतं ते तिथेच उभ्या उभ्या ऐकवलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं बाई. सोडली."

तेव्हा मी बरोबर होते आणि आजही तेच म्हणेन. पुढे कुठेही व्याख्यान असो, मी सुरुवात तिथूनच करायची. सुधारणा घरापासून करा, माझ्या सासूबाईंनी एका दिवसात मिश्री सोडली! त्या समोर असल्या तर त्यांना उभं करायची. त्या पदर सावरून उठायच्या, हात जोडायच्या, बसायच्या. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना कायमचं इकडे आणलं. इथे तोंडात ठेवायचा तंबाखू आणणंसुद्धा गुन्हा. पहिले काही आठवडे त्या फार चिडचिड करायच्या, डोकं धरून बसायच्या. आम्ही म्हटलं, हवा मानवत नाही.

चावल्याचं कळवायला मी नवऱ्याला फोन केला. ते तेव्हा समुद्रापलीकडच्या बाटम बेटावर एका जहाजाच्या कामाला गेले होते. आधी हसले, मग आवाज बदलला.

"अगं, जगाची तोंडं उघडत हिंडतेस, आणि माझ्या आईचं एक तोंड तुला उघडता येत नाही? लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

"या इकडे आणि घाला तुमचं बोट!" मी ओरडले. "माझी बोटं संपली आता!"

ते हळूच म्हणाले, "शुक्रवारच्या तपासणीला मी येतो, नळीच्या कागदांवर सही करायला. तू नको वाईट वाटून घेऊ. तू केलंस जेवढं होतं तेवढं." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी फोन ठेवून बेसिनपाशी उभी राहून रडले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी कारळ्याची चटणी करायला घेतली. त्यांना पेजेबरोबर आवडायची. ऑफिसचा फोन आला, बोलता बोलता माझं लक्ष उडालं, आणि तव्यावरचे कारळे पार जळाले. घरभर धूर. मी खिडक्या उघडत, स्वतःला कोसत धावतेय, तोवर सासूबाई खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या. नाक वर करून वास घेत होत्या. गॅस बंद केलेला तवा मी ओट्यावर ठेवला होता. त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं, तोंडात घातलं आणि रिकामंच हिरडीवरून फिरवलं. एकदा, दोनदा. किती सराईतपणे! ब्रश बघितला की दातखीळ बसणारी बाई आपल्या हाताने तोंड उघडून उभी होती.

मनात जे आलं त्याची मलाच लाज वाटली. नको गं बाई, म्हटलं, जन्मभर ज्याच्याविरुद्ध बोंबललीस तेच? पण शुक्रवार जवळ येत होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कणीक चाळून कोंडा काढला, तो तव्यावर काळाकुट्ट होईपर्यंत भाजला, एक लवंग घातली, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ केला. तंबाखूचा कणही नाही. कुंकवाच्या छोट्या करंड्यात भरला. खिशात मोबाइल, त्याचा टॉर्च. मग त्यांना हाताला धरून दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. आमचा फ्लॅट जुन्या पद्धतीचा, दार उघडलं की लांबलचक सामाईक व्हरांडा, शेजाऱ्यांच्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे. उंबऱ्यावर त्या बसल्या, शेजारी मी. जेवणाची वेळ टळून गेलेली होती. करंडा उघडून मी दोघींच्या मधे ठेवला.

त्यांनी वास घेतला. चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. बोटावर पूड घेतली, इकडेतिकडे बघितलं, आणि ते बोट माझ्यापुढे धरलं.

"आदी तू घे."

"नको, आ..." आई म्हणणार होते. त्या मला ओळखत नव्हत्या. त्यांच्या लेखी मी आळीतलीच कुणी होते, ओट्यावर बसणारी.

"घे गं! लाजतीस काय? कुणी बघत न्हाई."

मी तोंड उघडलं. एवढी शिकली-सवरलेली बाई, तोंडाच्या कर्करोगावर आयुष्य काढलेली, सेम्बावांगच्या कॉरिडॉरमध्ये बसून सासूच्या हातून मिश्री लावून घेत होते. त्यांचं बोट माझ्या हिरड्यांवरून फिरलं, मऊ, सावकाश. जळकट कडू चव. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अगं-तुगं केलं.

"आता तू. दे, मी लावते तुला."

त्यांनी आ केला. चांगला मोठा. मी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं बोट पुडीत बुडवून उजवीकडून सुरू केलं. दात, हिरड्या, जिभेचा शेंडा. साठलेलं सगळं निघत होतं. मनातल्या मनात मी नवऱ्याला फोनही लावून टाकला होता, नको सही, नको नळी, उघडलं तोंड! मग बोट डावीकडे वळवलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिथं नगं. तिथं दुखतंय."

"कधीपासून गं?"

"लई दिस झालं."

मी मोबाइलचा टॉर्च लावला, बोटाने गाल जरा बाजूला केला. खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधल्या खाचेत, जिथे मिश्री साठून राहते तिथेच, पांढरा जाड चट्टा होता. मधे जखम. तिच्या कडा वर आलेल्या, बोटाला कडक लागणाऱ्या. असा फोटो मी विद्यार्थ्यांना इतक्या वेळा दाखवलाय, की तुकडा काढून तपासायला पाठवण्याआधीच मला उत्तर माहीत होतं. म्हणून ब्रश नको होता. म्हणून पेज नको होती. त्यांना दुखत होतं आणि ते सांगायला शब्द सापडत नव्हते, आणि माझ्या पुस्तिकेत मी या सगळ्याला 'असहकार' असं नाव दिलंय. मी बोट हळूच बाहेर काढलं.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. दातांवर काळी पूड. मग जवळ सरकून कानाशी लागल्या.

"आमच्या सूनबाईला सांगू नगं हां. डागदरीण हाय ती. तिला वाटतंय मी सोडली."

मी फडक्याने त्यांच्या ओठांवरची पूड टिपली.

"सोडली म्हटलं की लई खूश हुती. पार लोकांम्होरं सांगती, माज्या सासूनं सोडली म्हणून. मला उभं करती. मग कसं सांगायचं? बिचारीचं तोंड पडंल." त्यांनी करंड्याचं झाकण लावलं आणि तो सवयीने कमरेला खोचायला गेल्या. अंगात गाऊन होता. करंडा खाली पडला, मी उचलून त्यांच्या हातात दिला.

"नाही ना सांगणार?"

"नाही सांगत," मी म्हटलं. "उघड बघू अजून जरा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून पुन्हा आ केला, आणि मी टॉर्च धरून बघत राहिले.