तांते लिडाचं वेगळं भांडं

हे मी आईला सांगितलेलं नाही. पप्पांना तर नाहीच. जिच्याशी असं वागले, तिलाही नाही. लिहायला बसले की दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी अन्यायावर लिहून उठते. ते मला चांगलं जमतं. आज त्याचाही कंटाळा आलाय.

मी पत्रकांवर वाढले. पप्पा जयंतीच्या मैदानात पुस्तिकांचा स्टॉल लावायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या मुखपृष्ठांवरून. आई वजडी, म्हणजे आतडी, शिजायला ठेवली की खिडकी लावून घ्यायची. पप्पा आले की पहिली ती उघडायचे. "जाऊ दे वास गल्लीभर. चोरी केलीय का आपण?" मी खिडकी उघडणाऱ्या माणसाची मुलगी — हे वाक्य मी किती भाषणांत वापरलं असेल!

२०१४ मध्ये नोकरीसाठी न्युरेम्बर्गला आले. समोरच्या दारात तांते लिडा. तांते म्हणजे मावशी; तसंच म्हणायचं, हे तिनेच ठरवून टाकलं. कझाकस्तानात जन्मलेली, जर्मन वंशाची म्हातारी. तिकडे तिला जर्मन म्हणून टोमणे, इकडे आल्यावर रशियन म्हणून. मला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. रविवारी आम्ही तिच्या टेबलाशी बसून पेलमेनी भरायचो — खिमा भरलेल्या इवल्या करंज्याच म्हणा, पाण्यात उकडायच्या. माझी कड कधी धड मिटायची नाही. "हिचं तोंड बघ उघडंच राहिलंय, तुझ्यासारखं," ती म्हणायची.

आणि थंडीत खलादेत्स. डुकराचे पाय सहा-सात तास मंद आचेवर ठेवायचे, शेवटी लसूण घालायचा, सुटलेलं मांस आणि रस्सा ताटलीत ओतून बाल्कनीत ठेवून द्यायचं. सकाळी ते थिजलेलं असतं, हात लावला की थरथरतं. पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. आमच्याकडे पाया थंडीच्या दिवसांत सकाळी असाच गोठायचा. तो भाकरीवर घेऊन आम्ही खायचो. मी तिला हे सांगितलं. त्यानंतर ती महिन्यातून दोनदा करायला लागली.

आता ते — सांगतेच.

केतकी माझ्या ऑफिसातली. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला तीच मला पहिल्यांदा घेऊन गेली. ताट वाढताना तिने सहज विचारलं, "तू व्हेज ना गं?" मी हो म्हणाले. का? कुणी काठी उगारली होती? पुढचा प्रश्न आडनावाचा येऊ नये, एवढंच. मग त्या एका 'हो'ची राखण करत बसले.

जानेवारीत माझ्या वाढदिवसाला केतकी आणि तिचा नवरा अनिरुद्ध घरी आले होते. बेल वाजली. दारात तांते लिडा — ठेवणीतला पोशाख, हातात ताटली, खलादेत्समध्ये गाजराची फुलं रचलेली.

"अगं बाई, हे हलतंय!" केतकी म्हणाली.

"केसांना लावायचं जेल असेल," अनिरुद्ध.

दोघं हसले, म्हणून तीही हसली. आणि मोठ्या कौतुकाने जर्मनमध्ये म्हणाली, "डुकराचे पाय आहेत. हिला माझ्या हातचे फार आवडतात."

त्या दोघांना जर्मन येतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दोन शब्द पुरले असते ना? हो, आवडतात. पण मी जर्मनमध्येच, शांतपणे म्हणाले की तांते, तुमचा काहीतरी घोळ होतोय. मी मांस खात नाही. माझ्या धर्मात चालत नाही. मग केतकीकडे वळून मराठीत — "काहीही खातात गं हे लोक."

हे वाक्य मला शोधावं लागलं नाही. लहानपणापासून पाठ होतं. आमच्याबद्दल म्हणायचे.

ती ताटली घेऊन परत गेली. मला वाटलं, खोटं तिला कळलंय. आता चिडेल, बोलणं टाकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी ती दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, मला ठाऊक नव्हतं. माझं मन मोडू नये म्हणून तू इतके महिने खात राहिलीस, आणि मी तुला तुझ्या देवापुढे पापी केलं. मला माफ कर.

आणि मी — मी तिला माफ केलं. "असू दे, तांते," म्हणाले. अगदी मोठ्या मनाने.

पुढच्या आठवड्यात तिने नवीन भांडं आणलं. निळ्या एनॅमलचं, झाकणाचं. फक्त माझ्यासाठी. त्याचा डावही वेगळा, दांड्याला लाल दोरा बांधलेला. त्यात बिनहाडाचा बोर्श, म्हणजे बिटाचं सूप, बटाटा भरलेल्या वारेनिकी. दरवेळी झाकण उघडून दाखवायची — याला मांस लागलेलं नाही हं. खलादेत्स तिने पुन्हा कधी माझ्यासमोर काढलं नाही.

असं अडीच वर्षं चाललं. त्याच काळात मी पप्पा जयंतीला काढतात त्या अंकासाठी गावाकडच्या वेगळ्या कपांवर लेख लिहिला. चहाच्या टपरीवर आमच्यासाठी बाजूला ठेवलेले, कान तुटलेले कप. लेखाची पुस्तिका निघाली. तो लिहिताना कागदाशेजारी तिने दिलेला बोर्श होता. मला काहीच कसं आठवलं नाही? आठवलं होतं. मी पुढचं वाक्य लिहिलं.

मग ती मुलीकडे राहायला नेकारसुल्मला गेली. जाताना ते भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "निर्धास्त वापर. मी एकदाही चुकले नाही."

भांडं माझ्या ओट्यावर आहे. मी त्यात काही शिजवत नाही. नाताळात ती फोन करते आणि विचारते, भांडं वापरतेस ना?

मी हो म्हणते.