दारावरचं नाव

“पेंटरा, मोठां घाल मरे. वळणावरसून दिसाक होया.”

एवढं सांगून काकी सुर्ल्याच्या रस्त्यावरच्या वळणापर्यंत चालत जायची, कपाळावर आडवा हात धरून आपल्याच ट्रकच्या दारावरचं आपलं नाव बघायची आणि तिथूनच नकाराची मान हलवायची. मी निमूट ब्रश बुडवायचो.

सुरुवात मात्र उलटी झाली होती. नवरा वारल्यावर ट्रक आणि परमिट तिच्या नावावर झालं. आरटीओच्या वार्षिक तपासणीला, पहिल्या पासिंगला, तिनं दारावर माझ्याकडून मुलाचं नाव लिहून घेतलं. आरटीओच्या साहेबांनी गाडी परत पाठवली. परमिट ज्याचं, दारावर नाव त्याचंच हवं. ती लाजून अर्धी झाली. गाडीवर बाईमाणसाचं नाव बघून लोक हसतील म्हणाली आणि इतकं बारीक लिहायला लावलं, की साहेबांना वाकून वाचावं लागलं.

मग ट्रक जिचा माल वाहायचा, ती खाण बंद पडली. मुलगा आखातात ड्रायव्हर म्हणून गेला. खाण सुरू झाली की येतो, गाडी ठेव, असं जाताना म्हणाला. माणसं जाताना म्हणतातच. हिनं ते धरून ठेवलं.

गाडी फणसाखाली उभी. पण उभ्या गाडीलाही टॅक्स, विमा, परमिट काही सुटत नाही. शेजाऱ्यांनी ट्रक भंगारात काढले. हिला कुणी तसं सुचवलं, की ती शांतपणे म्हणायची, “पासिंग चुकला तर गाडी मेली. मगे तो येतलो कित्याक?”

पासिंगच्या आदल्या दिवशी ट्रकला आंघोळ, बोनेटला हळदकुंकू, आरशाला अबोलीचा गुंफलेला वळेसर. मुलगी दाखवायला न्यावी तसा थाट. साहेब पसंत करणार, अशी मी थट्टा करायचो. अक्षर मात्र दर खेपेला मोठं होत गेलं. वळणावर बसमधून उतरताच पोराला ते दिसावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. पुढे पुढे मला थट्टा सुचेना.

गेल्या चतुर्थीआधी काकी वारली. मुलगा आला, तेरावं केलं आणि ट्रक विकायला काढला. नाव पुसायला मलाच बोलावलं. मी नावावर रंगाचे दोन हात मारले. तो वळणावर गेला आणि कपाळावर आडवा हात धरून उभा राहिला. अगदी तिच्यासारखा.

“दिसता?” मी ओरडून विचारलं.

त्यानं कपाळावरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, “दिसता. रवांदे तसांच.”

गाडी गेली. अजूनही त्या वळणावर माझी स्कूटर आपोआप थांबते आणि मी फणसाकडे बघतो. काकी, हयसून आता कायच दिसणा नाय.